कोरडा चालवू नये

शेवटी मगदूम काका आणि काकू एकमेकांशी बोलले आणि माझी खोली गेली. पण असं काही झालेलंच नाही असं धरून मी पुढचं सांगणार आहे. झालंय असं धरलं की सांगताना माझा सूर बिघडतो.

तर, ते दोघं बोलत नव्हते.

"तिला सांग, आमटीत मीठ नाही," काका म्हणाले.

काकू त्यांच्या समोरच बसल्या होत्या. मधे फक्त भाताचं पातेलं होतं. पण पद्धत ती पद्धत.

"काकू, आमटीत मीठ नाही म्हणतात."

"त्यांना सांग, मीठ त्यांच्या पुढ्यातच आहे. हात लांब केला तर पोचंल."

"काका, मीठ पुढ्यात आहे."

"हात किती लांब करायचा, विचार."

मी विचारलं. काकूंनी उत्तर द्यायच्या ऐवजी माझ्या ताटात भात वाढला. निरोप्याच्या ताटातला भात सरू नये, असा त्या घरचा एक नियम होता.

माझी खोली म्हणजे सांगलीत विश्रामबागेतल्या त्यांच्या घराचा वरचा मजला. मी बार्शीचा, सडाफटिंग, शिकलेला स्पॅनिश. या तीन गोष्टींपैकी पहिलीबद्दल घरमालक काही बोलत नाहीत, दुसरी ऐकून दार लावतात आणि तिसरी ऐकून पुन्हा उघडून बघतात. कुपवाडच्या एका कारखान्याचे पाण्याचे पंप दक्षिण अमेरिकेत जायचे. त्यांच्यासोबत जाणारी माहितीपुस्तिका स्पॅनिशमध्ये करायचं काम माझ्याकडे होतं. जगात स्पॅनिश येणारी माणसं प्रेमात पडतात, फ्लामेंको नाचतात वगैरे. मी झडप, गाळणी आणि पाण्याचा दाब यावर लिहायचो.

त्या घरात मी भाडेकरू म्हणून शिरलो. पहिल्याच संध्याकाळी काकांनी जिन्यावर गाठून सांगितलं, "खाली जाशील तेव्हा तिला सांग, माझा चष्मा सापडत नाही." काकूंनी माझ्याच हातून चष्मा वर पाठवला. महिनाअखेरीला भाडं द्यायला गेलो तर काकू म्हणाल्या, "राहू दे रे. तू घरातलाच." माझी नेमणूक झाली होती.

काम अवघड नव्हतं. निरोप जसाच्या तसा पोचवायचा, पदरचं घालायचं नाही, आणि बोलणाऱ्याचा सूर मधेच गाळून टाकायचा. अबोल्याचे बारकावे मात्र शिकावे लागले. भिंतीशी बोललेलं चालतं. मांजराशी बोललेलं चालतं. हिंदी चालत नाही. काकांनी एकदा टीव्हीकडे बघत "कोई चाय पिलाएगा क्या" म्हणून पाहिलं, काकूंनी टीव्ही बंद केला. हे दोन वर्षं चाललं होतं. कारण विचारलं तर काकू म्हणायच्या, "त्यांना माहितीय." काका म्हणायचे, "तिलाच माहिती." मी जास्त खोलात गेलो नाही. पोस्टमन पाकिटं फोडत नाही.

एवढ्यात स्पेनमधून फोन आला. त्यांचा मुलगा सन्मती तिकडे मुर्सिया नावाच्या गावी नोकरीला होता आणि दोन वर्षांपूर्वी त्याने तिथल्याच इनेस नावाच्या मुलीशी लग्न केलं होतं. काका-काकू त्या लग्नाला तिकडे जाऊन आले होते. आता इनेसचे आईवडील भारत बघायला निघाले होते आणि एक दिवस सांगलीला, व्याह्यांच्या घरी येणार होते.

काकांनी मला गच्चीवर बोलावलं. "आमचं हे जे आहे, ते त्या लोकांना कळता कामा नये. तिला सांग."

काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. "त्यांना सांग, पाहुण्यांसमोर शोभा नको."

दोन वर्षांत त्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं आणि ते फक्त मला माहीत होतं.

अडचण सन्मतीने वाढवली. त्याने मला वेगळा फोन केला. "हे बघ, इनेसचे आईवडील एकमेकांना सारखं लाडानं बोलावतात. मीठ मागायचं तरी 'माझ्या आकाशा' म्हणतात. आमच्या घरी दोघं मुक्यासारखी बसली तर त्यांना वाटेल, पोरगी कसल्या घरात दिली. इनेस आत्ताच मला विचारते, तुझे आईबाबा फोनवर कधी एकत्र का येत नाहीत म्हणून. तू त्यांना चार शब्द शिकव."

म्हणून रोज सकाळी जेवणाच्या टेबलावर शिकवणी सुरू झाली. काका एका टोकाला, काकू दुसऱ्या टोकाला. काका पाणीपुरवठा खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले होते. स्वतः शिडीनं चढून आत डोकावल्याशिवाय त्यांनी कधी कुठल्या टाकीवर सही केली नव्हती, आणि शिकायलाही ते त्याच तयारीने बसले होते.

"मी विदा," मी म्हणालो. "म्हणजे माझं आयुष्य."

"हे कुणाला म्हणायचं?"

"बायकोला."

काकांनी विचार केला. "माझं आयुष्य पाणीपुरवठ्यात गेलं. कागदोपत्री तसं आहे. पुढचं सांग."

"मी सिएलो. माझं आकाश."

"कुठल्या अर्थानं?"

"अर्थ असा नाही काका. लाडानं."

"लाडानं म्हणजे तपासता येत नाही. मी खोटं सर्टिफिकेट देत नाही. तिला सांग, मी कधीच दिलेलं नाही."

"त्यांना सांग," काकू म्हणाल्या, "खरंपण कुठं दिलंय."

मी दोन्ही निरोप पोचवले आणि घाईने पुढचा शब्द घेतला. "गोर्दो. जाड्या. बायका नवऱ्याला प्रेमानं म्हणतात."

"हा चालंल," काकू म्हणाल्या. "त्यांना सांग, हा मला पाठ झाला."

काकांनी पोट आत घेतलं. मी म्हणालो, स्पॅनिशमध्ये जोडीदाराला अर्धं संत्रंही म्हणतात. काकांनी विचारलं, उरलेलं अर्धं कुठं असतं. मी म्हणालो, ते तुम्ही. काका म्हणाले, मग दोघं मिळून एकच संत्रं होतंय, एवढ्यासाठी लग्न कशाला. मी शेजारच्या भाषांकडे वळलो. इटलीत माझा खजिना म्हणतात. पोर्तुगालमध्ये केरिदु म्हणतात, म्हणजे आवडता. फ्रेंच लोक तर माझ्या कोबी असं म्हणतात.

"कोबी," काकू म्हणाल्या. "भाजीचा?"

"हो."

"बायकोला?"

"बायकोला, नवऱ्याला, पोरांना. सगळ्यांना."

काका म्हणाले, "कोबी तरी बघता येतो, वजन करता येतं. आकाशापेक्षा बरा." मग त्यांनी वही बंद केली. "तुझ्याकडं स्पॅनिशमध्ये लिहिलेलं काहीतरी खरं असंल की. ते दे."

माझ्याकडे स्पॅनिशमध्ये लिहिलेली एकच खरी गोष्ट होती. मी त्यांना पंपाची माहितीपुस्तिका दिली.

ती त्यांना इतकी आवडली की मला थोडं वाईट वाटलं. ती लिहिताना मी एवढा विचार केला नव्हता. पंपाचं सगळं आधीच माहीत असल्यामुळे त्यांना शब्दकोश लागायचा नाही. आकृती बघायची, वाक्य वाचायचं, मान हलवायची. आठवड्याभरात ते सकाळी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत पुस्तिका मोठ्याने म्हणू लागले. सुरक्षेच्या सूचना त्यांच्या खास आवडीच्या. एक वाक्य तर ते इतक्यांदा म्हणायचे की रस्त्यावरून जाणाऱ्या दूधवाल्यालाही पाठ झालं असावं.

"ते रोज सेको, सेको काय म्हणायलेत?" काकूंनी मला विचारलं. त्या फोडणी देत होत्या.

"एन सेको. म्हणजे कोरडा. पंप कधीही कोरडा चालवू नये."

"चालवला तर?"

"तसा चालतो. बाहेरून काही कळत नाही. पण आतलं सील जळत जातं."

काकूंनी गॅस बारीक केला. आमटीत मीठ घातलं. थोड्या वेळाने पुन्हा घातलं.

"त्यांना काही सांगू?" मी विचारलं.

"नको. सांगायचं काय त्यात."

पाहुणे आले. फेर्मीन म्हणजे इनेसचे वडील, रुंद, हसरे, मुर्सियात त्यांचं टाइल्सचं दुकान. पिलार म्हणजे आई, बारीक, चपळ, नवऱ्याच्या निम्म्या आकाराची आणि दुप्पट आवाजाची. आल्या आल्या पिलारने काकूंच्या दोन्ही गालांवर गाल टेकवले. फेर्मीन काकांकडे वळले. काकांनी आधीच हात जोडून ठेवले होते, कोपरं बाहेर काढून, कुंपणासारखे.

मगदूमांचं घर जैनांचं. सूर्य मावळला की अन्न नाही आणि पाणीही नाही. काकू यात फार कडक होत्या. मागे तापाने फणफणल्या असतानासुद्धा त्यांनी मावळतीनंतर गोळीबरोबर घोटभर पाणी घेतलं नव्हतं. रात्रभर गोळी उशाशी ठेवून सकाळी घेतली होती. काका मावळतीची वेळ दिनदर्शिकेत बघायचे आणि तरी गच्चीवर जाऊन खात्री करून यायचे. त्यामुळे रात्री दहाला जेवणारं ते स्पॅनिश जोडपं साडेपाचला पानावर बसवलं गेलं. फेर्मीनना वाटलं दुपारचं जेवण अजून चालूच आहे. त्यांनी नव्या जोमाने पोळी घेतली.

मी मधे बसलो होतो, खिडकीकडे तोंड करून. दोन्हीकडचं बोलणं मी या भाषेतून त्या भाषेत करत होतो. काका-काकूंना मी हळूच सांगून ठेवलं होतं की दोघांनी पाहुण्यांशीच बोलायचं, एकमेकांशी बोलायची वेळच येणार नाही. काकूंनी दोनदा "गोर्दो" म्हणून दाखवलं. काकांनी दोन्ही वेळा पोट आत घेतलं. पाहुणे खूश झाले.

आणि फेर्मीन-पिलार खरोखरच सन्मतीने सांगितलं होतं तसे होते. "आकाशा, ती चटणी दे." "आयुष्या, ती चटणी नाही, लोणचं आहे." मधेच फेर्मीननी मिरची चावली आणि डोळ्यांतून पाणी काढलं, तेव्हा पिलार म्हणाली, "माझ्या आयुष्या, तू गाढव आहेस." मी तेही भाषांतरित केलं.

"आयुष्य म्हणून गाढव म्हणाली?" काकांनी विचारलं.

"एका दमात."

काकांनी ही नोंद मनात कुठंतरी ठेवलेली दिसली.

मग फेर्मीननी हात पुसले आणि काकांकडे बोट करून मोठ्याने हसत काहीतरी सांगायला सुरुवात केली. मला ते समजलं आणि मी थांबलो.

"काय म्हणतायत?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. लग्नाचं काहीतरी."

"जसंच्या तसं सांग."

नियम माझाच होता. मी सांगितलं. ते म्हणत होते, सन्मती-इनेसच्या लग्नात त्यांनी पिलारबद्दल भाषण केलं, वीस मिनिटं, त्यात पिलार त्यांचं आयुष्य, आकाश, काळीज आणि भाकरी होती. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवून नव्या व्याह्यांना आग्रह केला, तुम्हीही तुमच्या बायकोबद्दल बोला. काका उठले. सन्मती शेजारी उभा राहिला, भाषांतराला. काका म्हणाले, "ती ठीक आहे." आणि खाली बसले. दीडशे माणसांना हसू आवरेना. अजूनही मुर्सियात त्यांच्या घरी जेवण कसं झालंय असं विचारलं, की सगळे एका सुरात म्हणतात, ठीक आहे.

पिलारही हसत होती. वाईट मनाने नव्हे. तिला ती गोड आठवण वाटत होती.

काकूंनी पदर नीट केला. "तेव्हापण असंच हसले होते," त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून नाही. भिंतीला वगैरेही नाही.

मला अबोल्याचं कारण कळलं. पाहुण्यांनाही काहीतरी कळलं असावं, कारण त्यांचं हसणं थांबलं. माझ्या डोक्यात त्या क्षणी, खरं सांगायचं तर, खोलीचा विचार होता. हे दोघं तुटले तर घर विकतील, जुळले तर माझं काम संपेल. आहे असंच राहिलं तर बरं, असं वाटून मी पिलारला जिलेबीचा आग्रह केला.

काका उठून उभे राहिले. पानावरून कुणी असं मधेच उठत नाही, त्यांच्याकडे तर नाहीच. मला वाटलं ते गच्चीवर सूर्य बघायला निघाले. पण त्यांनी टेबलावर दोन्ही हात टेकवले आणि फेर्मीनकडे बघत स्पॅनिश बोलायला लागले. उच्चार भयंकर होते. वाक्यं ओळखीची होती. माझीच होती.

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. काकूंनी हात वर केला. नको.

काका जे बोलले ते मराठीत साधारण असं होईल. "हे यंत्र अखंड कामासाठी आहे. योग्य जागी बसवलेलं आहे. चालताना आवाज होतो. आवाज होणे सामान्य आहे." इथे ते थांबले, घाम पुसला. "आवाज बंद झाल्यास ताबडतोब कारण शोधावे." पुन्हा थांबले. "कारण मला माहीत होते. मी शोधायला गेलो नाही."

फेर्मीन माझ्याकडे बघू लागले. मी ताटाकडे बघू लागलो.

"माझ्या खात्यात," काका पुढे मोडकंतोडकं म्हणाले, "ठीक हा शेरा सर्वांत वरचा. त्याच्या वर शेरा नाही. मी तो फार थोड्यांना दिला." मग त्यांचे शब्द संपले. पुस्तिकाही संपली असावी. त्यांनी टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं, दोन वर्षांत पहिल्यांदा, मला मधे न घेता. "दोस आन्योस," ते म्हणाले. "एन सेको." आणि छातीवर बोट ठेवलं. दोन वर्षं. कोरडा. मी.

पुस्तिकेतल्या त्या वाक्यात 'मी' कुठेच नव्हता. तो काकांनी स्वतः बसवला होता.

फेर्मीन भला माणूस. त्यांना एवढंच कळलं की व्याह्यांचा घसा कोरडा पडलाय. त्यांनी तांब्या उचलला, भांडं भरलं आणि दोन्ही हातांनी काकांपुढे धरलं.

काकांनी भांडं घेतलं. ओठांपर्यंत नेलं आणि थबकले. बोलण्याच्या नादात ते आज गच्चीवर गेलेच नव्हते. खिडकी त्यांच्या पाठीमागे होती. वळून बघितलं असतं तर कळलं असतं.

"अहो, प्या," काकू म्हणाल्या. "सूर्य आहे अजून."

काका न वळता सगळं पाणी प्याले.

मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो हे मी वर सांगितलंच आहे. सूर्य नव्हता. समोरच्या इमारतीच्या टाकीमागे तो केव्हाच बुडाला होता आणि रस्त्यावरचे दिवे लागले होते. काकूंचंही तोंड त्याच बाजूला होतं. मी निरोप जसाच्या तसा पोचवणारा माणूस, पण हा निरोप माझ्याकडे कुणी दिलेला नव्हता. मी गप्प बसलो.

पिलारने काकूंचा हात धरला आणि विचारलं, काय म्हणालात तुम्ही त्यांना, लाडाचं काही आहे का. काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी पिलारला सांगितलं. "आमच्याकडचं."

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी खालून आवाज आले. मी धावत जिना उतरलो, निरोप असेल म्हणून. दोघं टेबलापाशी बसून कडाक्याने भांडत होते. मला बघून गप्प झाले.

"बस रे," काकू म्हणाल्या, पण खुर्ची पुढे केली नाही.

"काही निरोप?"

काका खाकरले. "हे बघ, दोन वर्षांचं साचलंय. ओळीनं काढायचंय सगळं. तुझ्यासमोर नीट भांडता येत नाही."

"मी वरच असतो की."

"वर ऐकू येतंय तुला," काकू म्हणाल्या. "मन मोकळं करून बोलता येत नाही बाबा. तुला दुसरीकडं चांगली खोली मिळंल. हे बघतील तुझ्यासाठी. अहो, बघाल ना?"

"बघतो की. बघतो म्हटलं ना."

"म्हटलं कधी? आत्ता म्हणताय."

मी पुन्हा वर गेलो आणि कपडे भरायला घेतले. निघायच्या दिवशी काकूंनी जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. भात मी मागितल्यावरच मिळाला. काकूंनी काकांना विचारलं, "आमटी कशी झालीय?"

"ठीक," काका म्हणाले.

काकू लाजल्या. मी ताटात बघत जेवण संपवलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी मिरजेत राहतो. इथले घरमालक-मालकीण एकमेकांशी इतकं बोलतात की माझी कुणाला गरज पडत नाही, आणि भाडं मात्र दरवर्षी वाढतं. तेव्हा, घडलेलं घडलंच नाही असं धरायचा आता कंटाळा आल्यामुळे, मी योग्य त्या मार्गाने जायचं ठरवलं आहे.

प्रति, श्री. भूपाल व सौ. सुलोचना मगदूम, विश्रामबाग, सांगली यांस. विषय : बंद पडलेला अबोला पूर्ववत सुरू करण्याबाबत. महोदय व महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय विनंती करण्यात येते की, आपण उभयतांनी सणवार व पाहुण्यांचे दिवस वगळून, आठवड्यातून किमान एक दिवस, तेही केवळ सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत, एकमेकांशी बोलणे बंद ठेवावे. सदर कालावधीतील निरोपांची ने-आण करण्यास अर्जदार पूर्वीच्याच अटींवर, म्हणजे वरच्या खोलीवर व न मागता वाढलेल्या भातावर, तयार आहे. सूर्यास्त झाला किंवा नाही याबाबत अर्जदार कोणतीही हरकत घेणार नाही. तरी अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. शेरा 'ठीक' असा मिळाला तरी पुरे.